दामोदराच्या मांडवावरची तोंडली

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जीव लावणं आणि धरून ठेवणं – या दोन गोष्टी की एकच? माना डोलावू नका इतक्यात! आधी गोष्ट ऐका. मग मान डोलवायची की खाली घालायची, ते तुमचं तुम्ही बघा.

समुद्राकाठचं एक गाव. वाड्यांचं, विहिरींचं, केळी-नारळीचं. तिथं दामोदर नावाचा बागायतदार राहत असे. बायको गोदा. पोटी मूलबाळ नाही. बहीण वारली, तेव्हा तिची तान्ही पोर याने घरी आणली. शालन तिचं नाव. दामोदर तिचा मामा – पण आई म्हणा, बाप म्हणा, सगळं तोच! आणि याच दामोदराच्या परसात होती तोंडलीची वेल.

आता तोंडली तुम्हाला सांगायला नको. मसालेभात म्हटला की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं – ते बघा, मागच्या रांगेत सुटलंच! त्या गावात पद्धत अशी, की मुलीच्या लग्नाच्या पंगतीला तोंडलीभात, आणि तोंडली मुलीच्या घरच्या मांडवावरची. कमी पडली तर बाजारातून आणत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

शालन उपवर झाली. स्थळं आली. एकाचं नाक मामाला पसंत नाही, दुसऱ्याचं गाव लांब, तिसरा म्हणे फार हसतो! अहो, हसतो हा काय दोष झाला? पण मामाला कोण सांगणार? मग आला डहाणूकडचा एक शाळामास्तर. यात मात्र खोड सापडेना. शालनलाही तो आवडला. मग मामा चार वडीलधाऱ्यांत बसून म्हणाला,

"लग्न करू की! पण पंगतीची तोंडली माझ्या मांडवावरची. विकतचं एक तोंडलं चालणार नाही. वेल फळली की मुहूर्त धरू."

लोक म्हणाले, वा! मामा असावा तर असा!

आणि वेल वाढली हो! मांडव भरला, गोठ्यावर गेली, कौलांवर चढली, शेजारच्या दोरीवरचं धोतरही तिनं गुंडाळलं. गोदामामीला भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. घरचं मांजर एकदा वेलीत शिरलं, ते दुसऱ्या दिवशी जेवायलाच बाहेर आलं! पानं किती? मोजू नका. तोंडली किती? मोजायला नव्हतीच!

गोदामामी म्हणे, "अहो, जरा कोयता लावा ना."

"फळत्या वेलीला कोयता?"

"फळतेय कुठं?"

"फळेल. घाई कसली?"

तिकडे मास्तरांचा निरोप आला. वैशाखापर्यंत थांबतो, त्यापुढे घरचे ऐकायचे नाहीत. शालन रोज सकाळी मांडवाखाली जाऊन वर बघायची आणि घागर उचलून विहिरीवर जायची.

एके दिवशी विहिरीवरून तिनं काय पाहिलं? शेजारची नवी सून मामाला सांगत होती, "मामा, आमची वेल नुसती माजलीय, एक तोंडलं धरत नाही." आणि मामा – आपला मामा! – कोयता घेऊन चढला की त्यांच्या मांडवावर! सपासप जुने ताणे उतरवले, जाड खोड तेवढं राखलं, बुडाशी शेणखत घातलं. वर शिकवलंनही, "पोरी, तोंडली धरते ती नव्या फुटीला. जुनं राखशील तर पानंच खाशील."

ऐकलंत? सगळं ठाऊक होतं! आपण समजत होतो, मामा भोळा आहे. भोळा कसला!

शालननं घागर ठेवली. घरी आल्यावर मामापुढे त्याचाच कोयता ठेवला.

"शेजारची वेल छाटलीस. मग आपली?"

"आपली... आपली जरा नाजूक आहे."

"वेल नाजूक आहे, मामा, की तू?"

दामोदर खांबाला टेकला. मग म्हणाला, "तू गेलीस तर या घरात मी करू काय?"

लबाडी होती का ही? होती. प्रेम नव्हतं का? तेही होतं. एकाच बुंध्याला दोन्ही येतात, मंडळी, म्हणून तर ओळखू येत नाही!

शालन रागावली नाही. त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "मामा, सासरी गेल्याशिवाय माहेरी येता येतं का कुणाला?"

दामोदर उठला. मांडवावर चढला. पहिला घाव नुसता शेंड्याला घातला – खोटं कशाला सांगू? मग कोयता चालला. कौलं मोकळी झाली, गोठा मोकळा झाला, स्वयंपाकघरात ऊन आलं. गोदामामीनं दिवा मालवला आणि पदर डोळ्यांना लावला. गावानं बोडका मांडव पाहिला, म्हणालं, दामोदराला वेड लागलं!

मग? मग फुटले धुमारे. पांढरी फुलं आली. वैशाख लागायच्या आत मांडव हिरव्या तोंडल्यांनी असा लगडला, की पंगतीला पुरून शेजारी टोपल्या गेल्या. मामानं स्वतः भात वाढला. जावयाच्या पानात दोनदा वाढला. तो हसला, तर मामाही हसला.

झाली गोष्ट. मला काय, मी कीर्तनकार. सकाळची गाडी धरून मी जाईन. पण तुम्ही घरी जाणार. कुणाचा मुलगा शहरात जातो म्हणतोय, त्याला 'आंबे उतरू देत' म्हणून बसवलाय. कुणाच्या सुनेला शिकायचंय, तिला 'धाकट्याचं लग्न होऊ दे' म्हणून थांबवलंय. कारणं हिरवीगार असतात हो! पानोपान कारणं!

तुमच्या घरी कोण थांबलंय? मी नाव विचारत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

दामोदरालाही ठाऊकच होतं!

टाळी वाजवा आता, नाव घ्या त्या माधवाचं – आणि घरी जाताना हात थोडे मोकळे ठेवा!