काहीच-नाय गटातली सारजाबाई

आता मला सांगा, गाडी बंद केली ती केली, पण वर असं म्हणायचं का, की सारजाबाई घरात बसूनच खुशीत हाय, तिला कशाला पाहिजे गाडी?... तुम्ही म्हणाल, कसली गाडी आणि कोण सारजाबाई. व्हय, मधूनच धरलं मी. मुळापासून सांगते. तर राजा नाय, राणी नाय, साधं आपलं पुंडलिकनगर व्हतं, तिथं सारजाबाई नावाची एक माय राहत व्हती, माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत; तिला सुदर्शन नावाचा एकच लेक. तिच्या दुसऱ्या भिंतीच्या अंगाला मेहरुन्निसा, तिचा लेक ओवैस. दोघं पोरं चितेगावच्या एका कंपनीत एकाच पाळीला, एकाच मोटरसायकलवर जायचे, आणि एक दिवस गेटवर मारामारी झाली, तीत एक माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, आणि ह्या दोघांनी मारलं व्हतं, खोटं कशाला बोलू, तर दोघं एकाच गाडीत बसून जेलात गेले. तेबी नागपूरच्या! अहो, क्रांती चौकाच्या पल्याड एकटी न गेलेली बाई ही सारजा, गुडघे धरलेले, कपाळ पांढरं, तिनं रातभर बसमधी अंग आखडून नागपूर गाठायचं आणि काचेच्या अल्याड उभं राहून फोनवर लेकाशी बोलायचं. त्याला तिथं मुलाखत म्हणतात, मंत्र्याची घेतात तशी! एकदा गेली, येताना बसमधीच चक्कर येऊन पडली, डॉक्टर म्हणला, पुन्हा बसचं नाव काढायचं नाय. गल्लीतलं कोणी विचारलं, सारजाबाई, कसं काय? तर म्हणायची, बरं हाय. आता आल्यागेल्याला दुसरं काय सांगायचं?

अशात एका विद्यापीठातून सायली नावाची पोरगी आली, स्कूटीवर, भर उन्हात. बोलायची अशी हळू, जसं काय आम्हीच कैदी. म्हणली, आजी, आम्ही कैद्यांच्या घरच्यांचा अभ्यास करतोय, भेटीगाठी होत राहिल्या तर दोन्हीकडं फरक पडतो का ते बघायचंय, दिल्लीहून अनुदान मिळालंय, त्यातून नागपूरला गाडी जाणार, बसवून नेणार, बसवून आणणार. सारजानं तिच्या हातावर गूळ ठेवला आणि त्याच पावली शेंगदाणे भाजायला घेतले, लाडवासाठी. मी म्हणलं, अगं, जेलात काय नेऊ देत नाहीत. तर म्हणती, "लाडू नाय नेऊ देत, हाताला लागलेला वास तर नेऊ देतील?"

पण तुम्हाला सांगते, अनुदानाची गाडी अशी सरळ दारात येती व्हय? सायली पुढच्या खेपेला आली ती मान खाली घालून. म्हणली, आजी, दोन गट केलेत. एका गटाला गाडी, दुसऱ्याला काहीच नाही, मग दोघांची तुलना करायची. तुम्ही दुसऱ्या गटात.

"म्हंजी मला काय मिळणार?"

"काहीच नाही, आजी."

"आन मी करायचं काय?"

"काहीच नाही. मी दर महिन्याला येऊन तुम्हाला कसं वाटतं ते विचारणार."

घ्या! काहीच द्यायचं नाय आणि वर येऊन विचारायचं, काहीच नाय ते कसं लागतंय, गोड की खारट! मी म्हणलं, कुणी टाकलं हिला ह्या गटात? तर म्हणे कम्प्युटरनं. आता कम्प्युटरचं आणि सारजाचं काय बांधाचं भांडण व्हतं?... पण सायली म्हणली, वर्षभरानं फरक दिसला की तुमच्या गटालाही गाडी. झालं, सारजानं उपास धरल्यासारखं ते वर्ष धरलं.

आणि मेहरुन्निसा निघाली गाडीच्या गटात. निघताना दारात येऊन विचारायची, "सारजा, क्या बोलूँ तेरे पोट्टे को?" ही म्हणायची, सांग, माय बरी हाय. परत आली की सांगायची, वो भी अच्छा है बोल्या. मला मात्र नळावर गाठून म्हणली, "आपा, आधा रह गया पोट्टा." मी हंडा उचलला अन् आले.

तर सायली यायची आणि एक पुठ्ठा पुढं धरायची, त्यावर पाच तोंडं काढलेली, एका कडेला ढसाढसा रडणारं, दुसऱ्या कडेला दात काढून हसणारं. म्हणायची, आजी, बोट ठेवा, या महिन्यात कसं वाटलं? आणि सारजा, जिनं सकाळपासून चूल पेटवलेली नाय, ती पदर सावरून हसऱ्या तोंडावर बोट ठेवायची आणि चहा टाकायला उठायची! दर महिन्याला! मी म्हणलं, बाई, डोकं ठिकाणावर हाय का? तर म्हणती, अक्का, पोरगी उन्हातान्हातून आलेली, तोंड सुकलेलं, तिच्यापुढं रडकं तोंड ठेवू? आल्यागेल्याला दुसरं काय सांगायचं?

आणि मेहरुन्निसाला तोच पुठ्ठा कुठं दाखवायचे, तर परतीच्या गाडीत. काचेपलीकडं लेक सोडून आलेली बाई ती! बोट कसलं, रडक्या तोंडावर सगळा हातच ठेवायची. अन् ह्या दोघीच नाय हो, गावोगावच्या साऱ्या माया तशाच. गाडीतल्या रडायच्या, घरातल्या चहा करायच्या.

वर्ष सरलं. सायलीला घेऊन तिच्या वरच्या मोनिका मॅडम स्वतः आल्या. सारजानं नवं लुगडं नेसलेलं, तिला वाटलं गाडीच आली. मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग सांगितलं, की आजी, भेटून आलेल्या माता जास्त दुःखी निघाल्या, न भेटलेल्या समाधानी, तर दिल्लीवाले म्हणतात, भेटीनं फायदा नाही, पुढचं अनुदान बंद. गाडी बंद. सायलीची नोकरीबी बंद.

सारजा मग म्हणली, "मॅडम, मी ते पाव्हण्याला म्हणून सांगितलं व्हतं."

"आजी, अहवाल गेला."

"मग खरं आता लिहा की." आणि तिनं सायलीच्या हातातला पुठ्ठा ओढून रडक्या तोंडावर बोट दाबून धरलं, पाव्हण्यांच्या समोर, पहिल्यांदा. नख पांढरं पडलं तरी सोडंना. मॅडम भिंतीकडं बघत म्हणल्या, आजी, आता हे लिहायला जागाच नाही.

ते गेल्यावर ही मेहरुन्निसाच्या दारात. म्हणली, माझ्या बोटानं तुझीबी गाडी गेली गं. ती म्हणली, "चुप बैठ. मैं बी तो रोई."

मग काय, दोघी दोन भिंतींच्या आत वाट बघत बसल्या, अभ्यासाबाहेर. पण देवानं एकदा तोंड वर करून बघितलंच. चांगल्या वागणुकीची सूट धरून दोघं पोरं एकाच दिवशी सुटून आले, गल्लीत पेढे वाटले, मेहरुन्निसाकडून शिरखुर्मा आला, ईद नसताना! सुदर्शन जेवायला बसला. हाडं मोजून घ्यावीत असा. सारजानं ताटात लाडू ठेवला, विचारायचं व्हतं, तिथं कसं व्हतं, अन् विचारलं, आमटीत मीठ बरोबर हाय का. तेवढ्यात त्यालाच दिसला तो पुठ्ठा, टीव्हीमागं खोचलेला, सायलीचा राहिलेला. म्हणला, माय, हे काय?

ती म्हणली, "विद्यापीठाचं हाय. तिथं कसं व्हतं त्यावर बोट ठेवायचं. तुझं कुठलं?"

पोरानं पुठ्ठ्याकडं बघितलं, लाडवाकडं बघितलं, मायकडं बघितलं... आणि दात काढणाऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

म्हणला, "बरं व्हतं, माय."

घ्या लिहून.