शेवंतीच्या पुस्तकातली आजी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय काकासाहेब, मुख्याध्यापिका मनस्विनीताई, ज्यांच्या प्रेमापोटी आपण सगळे एवढ्या उन्हात इथं जमलो त्या सत्कारमूर्ती करुणाबाई, शिक्षकवृंद, पालक, गारखेड्यातले माझे शेजारीपाजारी, आणि मागच्या रांगांत बसलेल्या, आता दहावी ओलांडलेल्या माझ्या जुन्या बालमित्रांनो! पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवती यमुनाबाईही बसल्या आहेत. त्यांना वेगळा नमस्कार, कारण आज थोडं त्यांच्याविषयीही बोलायचं आहे.

करुणाबाई आज चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त होत आहेत. पहिलीच्या मुलांकडून त्यांनी करून घेतलेलं 'शेवंती' हे पुस्तक पुढं छापलं गेलं आणि वैजापूर-पिशोरच्या शाळांपर्यंत पोचलं. एक गाढवीण आणि माणसं यांच्या दोस्तीची ती गोष्ट. नुसती चित्रं, एकही अक्षर नाही. शेवटी तात्पर्य लिहा म्हणून आम्ही पालकांनी केवढा आग्रह धरला! बाई म्हणाल्या, ते ज्याचं त्यानं काढावं. पण त्या पुस्तकाची खरी हकीकत आजवर कुणी सांगितलेली नाही.

सोळा सालचा उन्हाळा आठवतो ना? शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकर आला की शिकलीसवरलेली आम्ही माणसं हंड्यांवरून भांडत होतो. पाण्यावाचून बांधकामं थांबली आणि वाळू वाहणारी गाढवं मोकळी सुटली. शाळेच्या फाटकाशी सिमेंटचा छोटा हौद होता. बाटलीत उरलेलं पाणी हौदात ओतूनच मुलांनी घरी जायचं, ही करुणाबाईंनी लावलेली शिस्त. त्या पाण्यावर एक गाढवीण जगत होती. तिचं शेवंती हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं.

आणि या हौदाला सगळ्यांत मोठा विरोध कुणाचा? आमच्याच घरातून! हौदामुळं गाढवं येतात, दारात घाण करतात, माणसांना पाणी नाही तिथं गाढवांचे लाड कशाला, असं यमुनाबाईंचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. टँकरचे हंडे त्या उचलत होत्या, मी नाही. रविवारच्या सोसायटीच्या बैठकीत हौद फोडायचा ठराव त्याच मांडणार होत्या, आणि शाळेनंही हो म्हटलं होतं. तोवर गाढवीण हाकलायला शाळा सुटायच्या वेळी त्या माझी काठी घेऊन हौदापाशी उभ्या राहायच्या. आता खरं सांगू का? बाईसाहेब गाढवाला घाबरतात. काठी उगारायची, पण पाऊल पुढं टाकायचं नाही. शेवंती निवांत पाणी पीत राहायची. तिला दगड मारणारी टारगट पोरं मात्र ती काठी बघून पसार व्हायची.

त्याच आठवड्यात वर्गाचं पुस्तक तयार झालं. हातानं रंगवलेली एकच प्रत. रोज एका घरी तिचा मुक्काम. मुलानं घरच्यांना चित्रं दाखवत गोष्ट सांगायची आणि सकाळी पुस्तक पुढच्या घरी द्यायचं. आमच्याकडं ते नातीबरोबर, चारुताबरोबर आलं. एका पानावर तहानलेली शेवंती, दुसऱ्यावर दगड घेतलेली पोरं, आणि तिसऱ्यावर नऊवारी नेसलेली, जाड चष्म्याची, काठी घेऊन उभी असलेली एक बाई.

"ही आपली आजी," चारुता म्हणाली. "ती रोज उन्हात राखण करते, म्हणून शेवंतीला पाणी पिता येतं."

साऱ्या वर्गाचा तोच समज होता! मी तर वर्तमानपत्रामागं तोंड लपवलं.

सकाळी करुणाबाई स्वतः घरी आल्या. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "काकू, पोरांचा गैरसमज झालाय. तुम्ही म्हणाल तर ते पान काढून टाकते. तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला चांगलं ठरवणं बरं नाही."

यमुनाबाईंनी चष्मा पुसून ते पान पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "पान राहू द्या. सुट्टीत पोरं नसतात, तेव्हा हौद कोण भरणार ते सांगा."

रविवारी त्या ठराव मांडायला उठल्या आणि हौद फुटणार नाही एवढं बोलून खाली बसल्या. त्या सुट्टीत सोसायटीतल्या घराघरातून तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी हौदात जाऊ लागलं. पाऊस पडला, बांधकामं सुरू झाली, शेवंतीचा मालक परत आला, तेव्हा ती धडधाकट उभी होती. आज तिथं सात मजली इमारती झाल्या आहेत. शाळेच्या नव्या फाटकाच्या आड हौद येतो म्हणून तो हलवायचं निघालं, तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून फाटकच हलवलं! हा विजय साजरा करायचा नाही तर कोणता करायचा?

मुलांनो, तुम्ही अजून वाटेत भेटलात की हौद वाचवणारी आजी म्हणून हिच्या पाया पडता. ही सगळी हकीकत आज सांगू का, असं मी काल भीतभीत विचारलं. नकोच म्हणतील असं वाटलं होतं. तर म्हणाल्या, "सांगा. मी तशी नव्हते. त्यांनी मला तसं काढलं, मग मला तसं व्हावं लागलं. पोरं मोठी झाली आता, त्यांनी काय केलंय ते त्यांना कळू द्या."

वैजापूरच्या कचेरीत जिंदगी घालवलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या हाती आपण ध्वनिक्षेपक दिलात, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. यमुनाबाईंचं मी घरी बघून घेईन. आणि करुणाबाई, आमच्या घरातल्या माणसाचं एवढं सुंदर चित्र तुम्ही तिला विचारल्यावाचून पुसलं नाहीत, त्याबद्दल हा नवरा तुमच्यापुढं हात जोडतो.