मुंजाबाचं बिनहाती वाचन

...अन् वरून लोक म्हणायचे, "काय मुंजाबा, आता आरामच आराम!" आराम? अहो, दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमधी, नाकावर माशी बसली तर फुंकर मारायची नायतर बायकोला हाक मारायची, ह्याला आराम म्हणतात व्हय? जालना रोडला म्हैस आडवी आली, मी सायकलवरून उडालो, म्हैस गेली आपली शेपूट हलवत, अन् माझी दोन्ही मनगटं खलास!

तुम्हाला सांगतो, दुखण्याचं काय नाय. पण बी. ए.ची परीक्षा तोंडावर! दिवसभर चिकलठाण्याला कंपनीत पत्रा कापायचा अन् बाहेरून परीक्षा द्यायची, आमच्या मेंढरं राखणाऱ्या खानदानात कॉलेजचं पुस्तक उघडणारा पहिला मीच, अन् नेमकं ते धरायलाच हात नाय!

पुतळाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, धरलं की पुस्तक. पण तिला अक्षरओळख नाय, उलटंच धरायची! "अगं, फिरव," म्हणलं की अशी गरकन फिरवायची, की परत उलटंच! मग उशीला टेकवलं, घसरलं. पिठाच्या डब्याला टेकवलं, डब्यासकट आडवं... सगळं राज्यशास्त्र पिठात! शेवटी म्हणलं, बास, आता स्टँडच घ्यायचं. पण कसं? हलायचं नाय, डुलायचं नाय!

गेलो दोघं उस्मानपुऱ्यात, वैजनाथशेठच्या दुकानात. शेठ म्हणजे लई गोड माणूस. "हे बघा, एकदम नाजूक, घडीचं, पिशवीत मावतं!" अहो शेठ, मला पिशवीत नाय वाचायचं! पुस्तक ठेवलं, मी नुसता शिंकलो, स्टँड भुईसपाट. दुसरं काढलं, तारेचं. ते तर पुस्तक बघूनच वाकलं! शेठ म्हणतो, "पुस्तक जरा जाड आहे हो तुमचं." आता मी काय राज्यशास्त्राला सांगू, बाबा, चार दिवस उपास कर अन् ये? माझी एकच अट. हलायचं नाय, डुलायचं नाय!

तेवढ्यात रस्त्यावर गलका. नामांतराचा मोर्चा! शेठची तर गाळणच उडाली, "अरे बाप रे, शटर, शटर!" करत त्यानं शटर ओढलं ते खाली वीतभर फट ठेवून अडकलं, अन् आम्ही तिघं आत. पुतळाबाई बसली फटीला डोळा लावून. बाहेर नुसते पाय, हो! फाटक्या चपला, धुळीनं पांढरे झालेले बायांचे पाय, म्हाताऱ्यांच्या काठ्या... सरतच नव्हते. कुणी दगड मारला नाय, काय नाय. नुसत्या घोषणा.

"कशापायी चालल्यात वो ह्या बाया?"

"विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव पाहिजे म्हणून."

तिनं फटीवरचा डोळा काढला. मग म्हणली, "नावापायी माणसं एवढी चालतात? अन् मला माझं बी लिहिता येत नाय."

शेठनं घसा खाकरला अन् मागच्या अंधारातून एक लाकडी धूड ओढत आणलं. कुण्या मास्तरानं बनवून घेतलेलं, न्यायला आलाच नाय. रुंद बूड, खाली पट्टी, पानं दाबायला दोन पितळी खिट्ट्या. पुतळाबाई उठली अन् तिनं त्याला असा कोपराचा दणका हाणला...

"अहो बाई!" शेठ किंचाळला.

पण स्टँड? हलायचं नाय, डुलायचं नाय! ती म्हणली, "हेच."

तुम्हाला सांगतो, काय सुख! पेन्सिल दातात धरायची, रबराच्या टोकानं पान उलटायचं, अन् वाचत सुटायचं! पण दुसऱ्या दिवसापासून पाठीमागून आवाज. "हे काय हो?" प. "अन् त्याच्या पायाखाली शेपूट?" पु. मी पान उलटलं की खेकसायची, "थांबा की, माझं व्हायचंय!" राज्यशास्त्रातून अक्षरं शिकणारी बाई आमच्या अख्ख्या गारखेड्यात दुसरी नसंल!

वाटलं, आता परीक्षा बुडाली. तर आंदोलनामुळं परीक्षाच पुढं गेली! तोवर प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणले, "मूठ वळा." वळली हो! दोन्ही वळल्या! मी तिथंच ढसाढसा रडलो, पुतळाबाई म्हणली, "आता का रडता, डोळे पुसायला हात आलेत की!" पेपर दिले, पासबी झालो. नशीब म्हणायचं!

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? अहो, परवा कंपनीतून भुकेजून घरी आलो, तर चूल थंड अन् ही स्टँडसमोर मांडी घालून, बोट ओळीवर. म्हणलं, "भाकरी?" तर मान वर न करता म्हणती कशी, "आता हात चांगले हायत ना? थापा की!"

थापतो, काय करता. जाड होतात, कडंला करपतात... पण तिचं लक्ष पुस्तकात असतं, खाऊन घेते बिचारी.