खराब फोटोंचं रजिस्टर

नियम नुसते कागदावर राहतात असं म्हणू नको गा. माह्यंच ऐक.

धंतोलीत आमच्या एक्स-रे सेंटरची तपासणी करायले पुण्याहून एक साहेब आले होते. सेंटरले सर्टिफिकेट द्यायचं का नाही, ते त्यांच्याच हातात. आल्या आल्या त्यांनी खराब फोटोंचं रजिस्टर मागितलं. फोटो बिघडला अन् परत काढावा लागला, की त्यात कारण लिहायचं असा नियम आहे. माह्यं रजिस्टर कोरं करकरीत.

"महिन्याभरात एकही फोटो बिघडला नाही?"

"पंधरा वर्षांचा हात आहे, साहेब."

"ही लबाडी आहे. चूक झाली की लिहायची. कोणाचीही असो."

खरं सांगू का, फोटो बिघडतच होते. मीच लिहून नव्हतो राहिलो.

निघता निघता साहेब गुडघा चोळत म्हणाले, फार दिवसांपासून दुखतो, आलोच आहे तर फोटो काढून घेतो. आमच्या डॉक्टर मॅडमनं गुडघा पाहून चिठ्ठी दिली. मी साहेबांले टेबलावर झोपवलं, म्हटलं, आता हलू नका. बटण दाबलं, तर साहेब अर्धे उठून मले सांगून राहिले, "मशीन जरा वर घ्या." फोटो सारा हलला.

"दुसरा काढा," साहेब हळूच म्हणाले. "हा लिहायला नको."

"काहून, साहेब? कोणाचीही असो म्हणले ना तुमी."

रजिस्टरात आजही पहिली नोंद त्यांचीच आहे. कारण: 'पेशंट शिकवून राहिले होते.' त्याखाली तपासणाऱ्याची सही लागते. तीही त्यांचीच.