पोवळ्याचं बारसं

डांगे चौकात बसच्या रांगेत कौशल्याबाईंच्या पुढे एक भाऊ-बहीण मोबाइलवर डोकी जोडून उभे होते.

"ताई, बघ ना! माशांच्या टाकीत दगड आणून ठेवला होता, त्यावर आपोआप उगवलंय. जिवंत कोरल!"

"अय्या, पोवळं? कसलं हिरवंगार! जात कुठली रे?"

"तेच तर! ग्रुपवर फोटो टाकला, तर जेवढी माणसं तेवढी नावं."

"मग खरं कसं कळायचं?"

"ते मेल्यावर. आतला दगडी सांगाडा उघडा पडला, की त्याच्यावरून ओळखतात."

"खबरदार! एवढंसं लेकरू ते."

"म्हणून तर म्हणतो, नाव आपणच ठेवू. तू आत्या ना त्याची?"

"वा रे वा! आणि घुगऱ्या?"

"संध्याकाळी घरी. नाव आत्ताच सांग, मला दम निघत नाहीये."

"बरं, कान कुठाय त्याचा?"

"माझा घे!"

ताई खिदळत भावाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र..."

कौशल्याबाईंनी आजवर एकाही बारशात आत्याची पाठ सोडली नव्हती. हात आपसूक उठला. धप्प!

"अहो मावशी, अजून नाव कुठं सांगितलंय?"

"मग सांग की! आमी थांबलोय न्हवं."

बस आली. रांग जागची हलली नाही.