आमची फटफटी शिकून राहिली

बिरसीजवळच्या एका गावात एक म्हातारी राहे, म्हंजे मीच. तिचा एक लेक रत्नपाल, एक सून अल्का, आन् चौथी ते अवदसा फटफटी! तिचं एकटीचं पोट भरता भरता आमी तिघं वाळून गेलो, बाप्पा!

तुमाले सांगतो, नवी घेतली तवा शोरूमवाला काय म्हने, "माँजी, इसके अंदर दिमाग है! पेट्रोल किती घ्याचं ते गाडी आपनच ठरवते. तुमी चालवत राहा, ते शिकत जाते." बरं बाबा, शिक! पन महिन्यावर महिने गेले, हे पिऊनच राहिली... लेकाले विचारा तं एकच, "शिकून राहिली, माय!" अरे, काय बॅरिस्टर होऊन राहिली काय?

गावचा सुखराम मिस्त्री आला. त्यानं जन्मभर जुन्या गाड्यायचे स्क्रू पिळून पेट्रोल कमी केलं, आता हिच्याखाली झोपून स्क्रू धुंडते! "स्क्रूच नाई तं सेट काय करू, माहं डोस्कं?" म्हने, आन् गाडीवरच रागावून चालला गेला. चढ आला का अल्का खाली उतरे. मले तं लेक बसूच देत नव्हता, "माय, तू बसली का अॅव्हरेज पडते!" मी काय धानाचं पोतं हाओ? आन् गाडी? शिकून राहिली!

मंग एक दिवस लेक म्हनते, "माय, राइस मिलची सारी मजुरी हेच पिते. विकतो, आन् अल्काले घेऊन नागपूरले जातो कामाले." हे दोघं नागपूरले, आन् मी काय भिंतीसंग बोलू? सांगा, काय करावं म्हातारीनं? त्या फटफटीपुढं हात जोडले, "शिक वो बाई लवकर, नाई तं माहा लेक चालला!"

संध्याकाळी घेनारा आला, फुलचूरचा उदाराम, संग शोरूमचा मिस्त्री विक्की. बटन दाबलं... काईच नाई! विक्कीनं सीट उचलली.

"बैटरी किधर है?"

"टीवीले लावली न!" अल्का घरातून ओरडली.

काऊन नाई लावाव? सात वाजले का बिजलीची लाइन जाते, आन् मालिका तवाच लागते! रोज बॅटरी काढा, त्या चिमुकल्या टीवीले जोडा, शेजारची धुरपता, सुशिलाबाई, सारी वस्ती, सारा टोला आमच्या ओसरीत. सकाळी पुन्हा गाडीत बसवा.

विक्कीनं कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, बैटरी निकाली तो सब भूल जाती है ये! दिवसभर शिकते, आन् संध्याकाळी तुमीच पाटी पुसता!"

ऐकलं? म्हंजे हे पोरगी रोज पहिलीतच!

"मंग तं मी घेतोच!" उदाराम म्हने. रत्नपालनं गुपचूप चाबी खिशात टाकली.

तवापासून बॅटरी गाडीतच. शिकली बाप्पा, शिकली! पेट्रोल पुरू लागलं, नागपूर राहून गेलं, आन् औंदा अल्काले दिवस गेले. पन लाइन? ते आजही सातालेच जाते जी... आन् तोच सारा टोला अंधारात माह्यापुढं मांडी घालून बसते, "सांगा न आजी, मालिकेत आज काय झालं असन?" आता त्या टीवीतल्या साऱ्या सुना रोज मलेच नांदवा लागतात, बिनबॅटरीच्या!