लायटर टेबलावर राहू द्या

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, नकाशा विभागातले माझे सोबती आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी पत्नी,

आज तीस एप्रिल. इतकी वर्षं अशा निरोपाच्या कार्यक्रमांत मी मागच्या खुर्चीवर गप्प बसत आलो, त्याबद्दल आधी माफी मागतो.

साहेबांनी आत्ता मला सुंदर लायटर दिला. त्यावर माझं नाव कोरलंय. टाळ्याही झाल्या. पण मी सेहेचाळिसाव्या वर्षीच घरी का चाललोय, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? फुप्फुसं.

सिगारेट कशी सोडायची, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. तारीख ठरवा, सगळ्यांना सांगा. तलफ आली की पाणी प्या, चघळायची गोळी घ्या, हाताला काम द्या. थोडा वेळ काढलात की तलफ निघून जाते. सगळं खरं निघालं. ‘सगळ्यांना सांगा’ एवढंच चुकलं. मी बोटांत पेन्सिल धरून बसलो की पलीकडच्या टेबलावरून विचारणा व्हायची, “पेटवून देऊ का?” मीही हसायचो, विनोद चांगला होता. मग कुणाला बढती मिळायची, कुणाला मुलगी व्हायची आणि जिन्यात खांद्यावर हात पडायचा. “एकच रे. एकीनं काय होतंय?” तीनदा सोडली, तीनदा अशीच पुन्हा धरली.

मी अन्याय करतोय का? तोंडात कुणी कोंबली नव्हती. हात माझाच पुढे झाला. पण पाकीट कुणी पुढे केलं, तेही आठवतं.

चौथ्यांदा फक्त हिला सांगितलं. म्हणालो, “बहुतेक सुटली.” ही म्हणाली, “सुटायला ती काय बस आहे? तू सोडलीयस. तसंच म्हण.”

तेव्हा लायटर तुम्ही नकळत दिलात, हे मान्य. पण दोन महिने मी जिन्यात दिसलो नाही, हेही कुणाला कळू नये?

असो. लायटर इथेच टेबलावर राहू द्या. विसरला म्हणून कुणी मागे धावत येऊ नका. जिन्यात ‘शेवटची एक’ ठरलीय असं कानावर आलं. मी मागच्या दारानं जाणार आहे.

सहवासाबद्दल मनापासून आभार. एखादा शब्द लागला असेल, तर धाप लागलेल्या माणसाचा म्हणून सोडून द्या. सोडणं अवघड असतं, मला ठाऊक आहे. चहानंतरची तर सगळ्यात अवघड.

म्हणून उद्यासाठी एकच काम लिहून ठेवलंय: सकाळी चहाचा कप खाली ठेवला की लगेच चपला घालून फिरायला निघायचं.